गाडीवाला म्हणतो ‘दिसलाच नाही’, मग बाईकवाल्याचा क्लेम अडतो कुठे?

घोडबंदर रोडवर माझ्या भाच्याच्या बाईकपुढे एका कारवाल्याने इंडिकेटर न देता गाडी डावीकडे घातली. खाली उतरला तेव्हा मोबाईल हातातच, स्क्रीन चालू, आणि तोंडात एकच वाक्य, “अरे, दिसलाच नाही.” भाच्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. बऱ्याच जणांना वाटतं दिसला नाही म्हणजे चूक कुणाचीच नाही. तसं नसतं. रस्त्याकडे लक्ष न देणं हाच निष्काळजीपणा, आणि मोबाईल हातात धरून चालवणं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये धोकादायक ड्रायव्हिंगमध्येच धरलंय.

तरी भाच्याचा भरपाईचा क्लेम रखडला तो कॅज्युअल्टीच्या कागदावरच्या एका ओळीने. ‘बाईक स्लिप होऊन पडला.’ ज्या रिक्षावाल्याने बिचाऱ्याने उचलून आणलं त्याने घाईत तसं सांगितलं, डॉक्टरने लिहिलं, आणि पुढे विमा कंपनीच्या वकिलाने तोच कागद पुढे केला की यात कारचा उल्लेखच कुठे आहे? म्हणून शुद्धीवर आल्या आल्या डॉक्टरला आणि पोलिसांना कशाने धडक दिली, गाडी नंबर काय, हे सांगा आणि लिहून घ्यायला लावा. एफआयआर चुकीचा किंवा उलट तुमच्यावरच घेतला असेल तर सिनियर पीआयच्या (पोलीस ठाण्याच्या मुख्य अधिकाऱ्याच्या) नावाने लेखी अर्ज द्या, पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. सोसायटीचं, पेट्रोल पंपाचं सीसीटीव्ही थोड्याच दिवसांत पुसलं जातं, ते ताब्यात घ्या असंही त्याच अर्जात लिहा.

भरपाईचा अर्ज त्याच कायद्याच्या कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. जखमी स्वतः करू शकतो, मागे बसलेलाही, मृत्यू असेल तर वारस. अपघात जिथे झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे, दोन्ही चालतं. खारघर, कामोठ्याला पोलीस नवी मुंबईचे पण जिल्हा रायगड, म्हणून अर्ज कुठे करायचा यात लोक फार गोंधळतात. ऐरोली ठाणे जिल्ह्यात, म्हणून तिथे राहणाऱ्याला ठाण्यात अर्ज करता येतो, उगाच हेलपाटे घालू नका.

मुदत अपघाताच्या तारखेपासून 6 महिने. डिस्चार्जपासून नाही, चार्जशीटपासूनही नाही! ‘चार्जशीट आली की बघू’ म्हणत थांबलेले किती जण अडकलेत. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, ओरिजिनल बिलं, आरसी, लायसन्स, समोरच्याची पॉलिसी हे नेहमीचं. कुणाकडेच नसतो तो उत्पन्नाचा पुरावा. डिलिव्हरीवाल्या पोरांना सॅलरी स्लिप कुठून असणार, त्यांनी बँक स्टेटमेंट आणि अॅपवरच्या पेमेंटची प्रिंट लावावी, नाहीतर कोर्ट अंदाजाने उत्पन्न धरतं आणि ते बहुतेक वेळा कमीच असतं. दुसरं अपंगत्वाचं सर्टिफिकेट. त्यावरचे टक्के पायाचे की पूर्ण शरीराचे ते स्पष्ट हवं, आणि त्या दुखण्याने कमाई किती घटली ते वेगळं दाखवावं लागतं. नुसता कागद जोडून भागत नाही, डॉक्टरला साक्षीला यावं लागतं, तेव्हा सर्टिफिकेट घेतानाच विचारून ठेवा.

लायसन्स नव्हतं, ट्रिपल सीट होतो म्हणून काही मिळणार नाही असं कुणी घाबरवलं तर ऐकू नका. सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये लायसन्सबद्दल आणि 2020 मध्ये ट्रिपल सीटबद्दल सांगितलंय की तेवढ्यावरून अपघातात तुमचा दोष ठरत नाही, त्या गोष्टीमुळे अपघात झाला असं दिसायला हवं. हेल्मेट नसताना डोक्याला मार लागला तर मात्र रक्कम कापली जाऊ शकते. पाय मोडला असेल तर हेल्मेटचा संबंध काय, हे वकिलाला ठासून मांडायला सांगा.

कलम 164 मध्ये चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यूला 5 लाख आहेत. पण कंपनीकडून ते एकदा स्वीकारले की 166 चा अर्ज संपतो, म्हणून कुणी घरी सेटलमेंटचा कागद घेऊन आला तर वाचल्याशिवाय सही करू नका. गाडी पळून गेली, नंबरच मिळाला नाही, तर हिट अँड रन योजनेत मृत्यूला 2 लाख, गंभीर दुखापतीला 50 हजार, आणि तो अर्ज कोर्टात नाही, प्रांताधिकारी किंवा तहसीलदाराकडे जातो.