दीड पिक्सेलची शिरोरेघ

बेळगाव, निपाणी, खानापूर, कुठेही जा. लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडून मराठी-कन्नड लग्नपत्रिका जुळवणाऱ्याला अक्षरं पुसट दिसायला लागली, की दोन निदानं ठरलेली: चष्म्याचा नंबर वाढला, नाहीतर मॉनिटर गेला. बहुतेक वेळा दोन्ही चूक असतात.

फुल एचडी मॉनिटरवर पिक्सेलांचे, म्हणजे पडद्यावरच्या बारीक ठिपक्यांचे, १९२० उभे स्तंभ आणि १०८० आडव्या ओळी कारखान्यातच पक्क्या झालेल्या असतात. बऱ्याच लॅपटॉपचा पडदा मात्र १३६६ बाय ७६८ चा. दोन्हीकडे 'डुप्लिकेट' चित्र ठेवलं की अनेकदा लॅपटॉपचंच माप मॉनिटरवर लादलं जातं. मग ७६८ ओळी १०८० ओळींत पसरायच्या, म्हणजे एका ओळीच्या वाट्याला १.४०६२५ ओळी. पण पिक्सेलचा तुकडा पाडता येत नाही. मॉनिटर काळ्या-पांढऱ्याची सरासरी काढतो आणि करडा रंग भरतो.

खरी गंमत शिरोरेघेत आहे. एक पिक्सेल जाडीची रेघ घ्या. चित्राच्या पहिल्या ओळीत ती पडली, तर ढोबळ हिशेबाने एक ओळ पूर्ण काळी आणि खालची ४० टक्के करडी. तिसऱ्या ओळीत पडली, तर मधली काळी आणि वर-खाली फिकट कड. नवव्या ओळीत पडली, तर ७५ आणि ६६ टक्क्यांच्या दोन करड्या ओळी, पूर्ण काळी एकही नाही! एकाच पानावर एकच रेघ तीन रूपांत दिसते. शेजारच्या कन्नड अक्षरांच्या गोलाव्यात हा करडेपणा बराचसा खपून जातो, कारण वक्र कडा मुळातच करड्या पिक्सेलांनी गुळगुळीत केलेल्या असतात. देवनागरीची सरळ रेघ तो लपवू शकत नाही.

उपाय फुकटचा आहे. विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडा, मग डिस्प्ले सेटिंगमध्ये 'रेकमेंडेड' लिहिलेलं रिझोल्यूशन, म्हणजे स्तंभ-ओळींचं माप. अक्षरं बारीक वाटली तर रिझोल्यूशनला हात लावू नका, 'स्केल' १२५ टक्के करा. तिथे अक्षर ताणलं जात नाही, मोठ्या मापात नव्याने रेखाटलं जातं. काही जुनी सॉफ्टवेअरं मात्र ताणतातच. ओळखायचं कसं? स्क्रीनशॉट काढून मोबाईलवर मोठा करून बघा. तिथेही पुसट असेल तर दोष सॉफ्टवेअरचा, स्वच्छ असेल तर लॅपटॉपपासून मॉनिटरपर्यंतच्या वाटेवरचा.

टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरत असाल आणि पत्रिकेतली लाल अक्षरंच जास्त फिसकटत असतील, तर कारण वेगळं. टीव्हीकडे चित्र कधीकधी ४:२:० नावाच्या, रंगाची माहिती कमी करणाऱ्या पद्धतीने जातं. तिच्यात उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची जाते, रंगाची चार पिक्सेलांत मिळून एकदाच. टीव्हीच्या त्या इनपुटला 'पीसी' नाव द्या किंवा ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आरजीबी, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा पूर्ण रंग, निवडा.

आणि सोन्याचा मुलामा दिलेली महागडी एचडीएमआय केबल अक्षरं धारदार करते, हे साफ खोटं. डिजिटल सिग्नल बिघडला तर ठिपके चमकतात, चित्र जातं. अक्षर मऊ होत नाही. केबलचा दर्जा अक्षरात दिसतो तो जुन्या, निळ्या टोकाच्या, डिजिटल नसलेल्या व्हीजीए केबलमध्ये. ती अजून वापरात असेल, तर मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण एकदा दाबा.