तीन खाचांच्या स्विचला पाच खाचा कशा आल्या

स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप सिलेक्टर (तारांचा आवाज टिपणाऱ्या पिकअपपैकी कोणता चालू ठेवायचा ते ठरवणारा स्विच) खरखरायला लागला, की बरेच जण नवा स्विच आणून घरीच जोडायचं ठरवतात. स्क्रू काढून पिकगार्ड (गिटारच्या दर्शनी बाजूची पाटी) उलटा केला, की मात्र हात थबकतो. पिकअप तीन, दांडीच्या जागा पाच आणि सोल्डर करायची टोकं आठ. हा हिशेब लागायचा कसा? आकृती बघून वायरी जोडता येतात, पण हा स्विच असा का झाला हे कळलं की आकृतीवाचूनही काम उमगतं.

ही गिटार काढणारे लिओ फेंडर मुळात रेडिओवाले. १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. पुढे गिटार बनवायला लागल्यावरही सुटे भाग इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात तयार मिळत तेच वापरले. सिलेक्टरसाठी घेतला तो मिलवॉकीच्या सेंट्रलॅब कंपनीचा दांडीचा स्विच. त्यावर उमटवलेली ‘सीआरएल’ ही अक्षरं जुन्या गिटारी पारखणारे आजही आधी शोधतात.

दांडी मध्ये ठेवली की दोन्ही पिकअप, हे तेव्हा ठरून गेलेलं नव्हतं. गिब्सन कंपनीच्या १९५२ च्या लेस पॉल गिटारमध्ये तसं होतं. फेंडरच्याच दोन पिकअपच्या टेलिकास्टरमध्ये मात्र १९५२ पासून १९६७ पर्यंत दांडी मागे नेली की ब्रिजचा (तारा जिथे खाली टेकतात तिथला) पिकअप, मध्ये आणली की नेकचा (गिटारच्या मानेजवळचा), आणि पुढे नेली की पुन्हा नेकचाच, पण वरची धार काढून टाकलेला, घुमणारा. दोन्ही पिकअप एकत्र ऐकायची सोयच त्या दांडीवर नव्हती. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. तिला पिकअप तीन आणि स्विचला खाचाही तीनच. एका खाचेला एक पिकअप, इतका सरळ मामला.

पण स्विचच्या आतली सरकणारी पाती रुंद होती. एका संपर्काला सोडण्याआधीच ती पुढच्या संपर्काला टेकायची. वादकांनी दांडी दोन खाचांच्या मध्ये अलगद धरून पाहिली आणि शेजारचे दोन पिकअप एकदम बोलायला लागले. तो आवाज कोणी योजलेला नव्हता. पातळ, काचेसारखा स्वच्छ, थोडासा नाकातून आल्यासारखा. एकच तार दोन ठिकाणी टिपली जाते, त्यामुळे काही स्वरांश एकमेकांना खातात. शिवाय दोन्ही पिकअपमधल्या तारेच्या कॉइल समांतर जुळल्याने आवाजाला चमक येते. याला ‘आउट ऑफ फेज’ (दोन पिकअपचे तरंग एकमेकांच्या उलट) म्हणायची पद्धत पडली ती चुकीची आहे. दोन्ही पिकअप एकाच फेजमध्ये असतात.

अडचण एवढीच, की दांडी मध्ये टिकत नसे. जरा धक्का लागला की ती जवळच्या खाचेत जाऊन बसे. मग कोणी फटीत काहीतरी अडकवून ती थोपवून धरी. हे वर्षानुवर्षं चाललं. स्ट्रॅटोकास्टर वाजवणारे प्रसिद्ध गिटारवादक जिमी हेंड्रिक्स १९७० मध्ये गेले, तेव्हाही कारखान्यातून येणाऱ्या स्ट्रॅटोकास्टरला तीनच खाचा होत्या. फेंडर कंपनी १९६५ पासून सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीच्या मालकीची होती, आणि पाच खाचांचा स्विच तिने नेहमीचा केला तो थेट १९७७ मध्ये. तेवीस वर्षं वादक बोटाने जे करत होते, त्याला अखेर दोन खाचा मिळाल्या. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत आवडते.

आता ती आठ टोकं. पाच खाचांच्या स्विचमध्ये विजेचे संपर्क पाच नसतात, पूर्वीसारखे तीनच असतात. दोन बाजू, प्रत्येक बाजूला तीन संपर्क आणि एक सामाईक टोक, म्हणून आठ. एका बाजूला तिन्ही पिकअपच्या वायरी येतात आणि सामाईक टोकावरून आवाज व्हॉल्यूमच्या पॉटकडे (बटणाखालच्या फिरत्या नियंत्रकाकडे) जातो. दुसरी बाजू टोनसाठी. मूळ रचनेत नेक आणि मधल्या पिकअपला एकेक टोनचा पॉट मिळतो, ब्रिजचं टोक रिकामं राहतं. दोन्ही सामाईक टोकं एका छोट्या वायरने जोडलेली असतात. म्हणजे जोडायचं ते १९५४ सारखंच. मधल्या दोन जागांसाठी एकही जादा वायर नाही.

माझ्या गिटारमधला जुना स्विच बंद डबीचा होता, आठही टोकं एका ओळीत. नवा उघडा, चार-चार टोकं दोन्ही अंगांना. एकाची जागा बघून दुसऱ्याला वायर लावली असती तर सगळंच चुकलं असतं. सोल्डर वितळवण्याआधी फोटो काढला, मग मल्टिमीटर बीपवर ठेवून नव्या स्विचची दांडी पाचही जागांवरून फिरवली. ज्या टोकाचा त्याच्या बाजूच्या कुठल्या ना कुठल्या टोकाशी प्रत्येक जागी बीप येतो, ते सामाईक. दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत त्याच टोकाशी दोन संपर्क एकदम वाजले. जुन्या दांडीचं प्लास्टिकचं टोपण मात्र नव्या पातीवर बसलं नाही. ते वेगळं आणावं लागलं.