जुनी युरोपियन मोटरसायकल: घेण्याआधी, बदलण्याआधी, लांब निघण्याआधी

तुमच्याकडे साठ ते नव्वदच्या दशकातली एखादी बीएमडब्ल्यू, मोटो गुझी, डुकाटी, ट्रायम्फ किंवा नॉर्टन असेल, किंवा घ्यायची मनात असेल, तर हे पत्रक तुमच्यासाठी आहे. गाडी आमच्या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा येते तेव्हा मालकाजवळ बहुतेक वेळा बदलांची यादी तयार असते: बुटके हँडल, चपटी सीट, मोकळा सायलेन्सर, एलईडी दिवे. ती यादी आम्ही बाजूला ठेवतो आणि आधी टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप), टायमिंग (ठिणगीची वेळ), ब्रेक आणि चार्जिंग तपासतो. तुमच्या हौसेला आमचा विरोध नाही. पण यादीतल्या अर्ध्या गोष्टी मालकाला हव्या असतात त्या गाडी झिजलेली असते म्हणून, आणि ती झीज भरून काढली की त्या गोष्टींची गरजच उरत नाही.

समोरचा ब्रेक लागत नाही म्हणून मोठी डिस्क हवी असते. पाहावे तर जुना रबरी होज आतून फुगलेला असतो, लिव्हर दाबल्यावर जोर होज फुगवण्यातच जातो आणि कॅलिपरपर्यंत थोडाच पोहोचतो. गाडी वेगात डोलते म्हणून स्टिअरिंग डॅम्पर हवा असतो. पाहावे तर हँडलच्या मुळाशी असलेल्या बेअरिंगच्या कपात गोळ्यांनी खड्डे पाडलेले असतात. दिवा मंद म्हणून एलईडी हवा असतो. पाहावे तर अर्थिंगच्या जोडाखाली गंज असतो. म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे: आधी गाडी कारखान्याच्या मापात आणायची, तशी थोडी चालवायची, मग बदल.

घेताना काय पाहायचे

चकाकी शेवटी पाहा. ताजा रंग आणि पॉलिश केलेले अ‍ॅल्युमिनियम हे सगळ्यात स्वस्त काम असते. आधी क्रमांक पाहा. जुन्या बीएमडब्ल्यू बॉक्सर (दोन्ही बाजूंना आडवे सिलिंडर असलेल्या), ट्रायम्फ आणि नॉर्टन कमांडो या गाड्या कारखान्यातून निघाल्या तेव्हा चेसिस आणि इंजिनावर एकच क्रमांक असे. तो जुळत नसेल तर गाडी वाईट ठरत नाही, पण मधे इंजिन बदलले आहे हे कळते, आणि कागदांवर कोणता क्रमांक चढवला आहे हे विचारणे भाग पडते. पुढे कधी गाडी दुसऱ्या देशात कार्नेवर (गाडी तात्पुरती परदेशात नेण्याच्या सीमाशुल्काच्या कागदावर) न्यायची झाली तर त्या कार्नेवर चेसिस आणि इंजिन दोन्ही क्रमांक लिहिलेले असतात.

इंजिन गार असताना सुरू करून दाखवायला सांगा. मालकाने तुम्ही येण्याआधीच ते गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. पेट्रोलची टाकी टॉर्चने आतून पाहा. आतला गंज झाकायला कोणी जुने लायनर (आतून बसणारा लेप) ओतले असेल, तर आजचे इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ते सोलून काढते आणि त्याचे पापुद्रे कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. फायबरग्लासच्या टाक्या तर इथेनॉलने मऊच पडतात. अशा टाकीत पेट्रोल भरून गाडी उभी ठेवायची नाही.

चालवून पाहताना एक लक्षात ठेवा. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या ब्रिटिश आणि बऱ्याच इटालियन गाड्यांना गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असतो. घाईच्या क्षणी पाय जुन्या सवयीनेच हलतो, म्हणून पहिली फेरी मोकळ्या जागेत मारा.

बीएमडब्ल्यू बॉक्सर

आमच्याकडे सर्वाधिक याच गाड्या येतात, म्हणून यांच्यावर जास्त लिहितो. १९६९ मध्ये आलेल्या आर ५०/५, आर ६०/५ आणि आर ७५/५ पासून १९९६ पर्यंत हे हवेने गार होणारे, आडव्या दोन सिलिंडरचे इंजिन मूळ मांडणी न बदलता बनत राहिले. दोन्ही सिलिंडर हेड बाहेर मोकळे असल्याने टॅपेट लावणे हे रस्त्याच्या कडेलाही होणारे काम आहे. बहुतेक मॉडेलांना इनटेकला ०.१० आणि एक्झॉस्टला ०.२० मिलिमीटर, इंजिन पूर्ण गार असताना. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या गाड्यांवर एक्झॉस्टचा गॅप दर वेळी कमी झालेला आढळला तर तो नुसता पुन्हा लावून सोडू नका. व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये खोल रुतत चालला आहे आणि हेड उतरवावे लागणार आहे, असा त्याचा अर्थ असतो.

ऑईल मोजताना गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि डिपस्टिक न फिरवता नुसती टेकवा. फिरवून घट्ट केली तर पातळी खऱ्यापेक्षा जास्त दिसते आणि मालक ऑईल कमी भरतो. साइड स्टँडवर रात्रभर उभी राहिलेली बॉक्सर सकाळी डाव्या बाजूने निळा धूर सोडते. तो धूर रिंगा गेल्याचा नव्हे, झुकलेल्या सिलिंडरमध्ये उतरलेल्या ऑईलचा असतो.

ऑईल फिल्टरच्या झाकणाखाली एक पांढरी ओ-रिंग आणि पातळ शिम (जाडी जुळवणारी चकती) असते. ही जोडी नीट बसली नाही तर ऑईलचा दाब आतल्या आत निसटतो आणि बेअरिंग कोरडे पडतात. फिल्टर बदलणे सोपे असल्याने लोक घरी करतात आणि नेमकी ही रिंग जुनीच ठेवतात. घरी जरूर करा, पण रिंग नवी वापरा आणि शिमसाठी खोली मोजून घ्या.

चार्जिंगचे दोन नाजूक भाग: रोटर (अल्टरनेटरचा फिरणारा भाग) आणि डायोड बोर्ड (त्याची वीज बॅटरीला चालेल अशी करणारा). रोटरची बारीक तार उष्णतेने आणि फिरण्याच्या ताणाने आत तुटते. डायोड बोर्ड रबरी पायांवर टांगलेला असेल तर रबर फाटून तो धातूला टेकतो. इंजिनचे पुढचे झाकण काढण्याआधी बॅटरीची तार सोडलीच पाहिजे, कारण तो बोर्ड चावी बंद असतानाही जिवंत असतो आणि झाकण त्याला घासले की क्षणात जळतो. आणखी एक गंमत: डॅशवरच्या लाल चार्जिंग दिव्यातूनच रोटरला पहिला करंट मिळतो. तो छोटा बल्ब गेला की चार्जिंगच सुरू होत नाही. चावी फिरवल्यावर लाल दिवा लागत नसेल तर खूश होऊ नका.

गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे स्प्लाइन (लांब दात) मधून मधून ग्रीस मागतात. ते कोरडे राहिले की क्लच अडखळतो आणि शेवटी दात झिजून सपाट होतात. १९८७ नंतरच्या पॅरालिव्हर (दोन सांध्यांच्या मागच्या आर्मच्या) जीएसच्या मागच्या शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंटही लांब प्रवासाआधी हाताने हलवून पाहावेत.

गुझी, डुकाटी आणि ब्रिटिश जुळे

मोटो गुझीचे गाडीच्या लांबीत बसवलेल्या क्रँकचे ९० अंशांचे व्ही-ट्विन इंजिन १९६७ च्या व्ही ७ पासून चालत आले. ते दणकट आहे, पण सुरुवातीच्या इंजिनांच्या सिलिंडरना आतून क्रोमचा मुलामा असे. तो जुना झाला की सोलतो आणि त्याची कणी ऑईलमधून सगळीकडे फिरते. पुढे निकासिल (निकेलचा टिकाऊ मुलामा) आले आणि हा प्रश्न संपला. १९७५ च्या ८५० टी ३ पासून ऑईल फिल्टर संपच्या आत असतो, त्यासाठी खालची पूर्ण थाळी उतरवावी लागते. याच कारणाने अनेक गाड्यांत वर्षानुवर्षे तोच फिल्टर सापडतो.

डुकाटीत दोन पिढ्या वेगळ्या समजा. १९७१ च्या ७५० जीटी पासूनच्या गाड्यांत कॅमशाफ्ट बेव्हल गिअरने (शंकूच्या आकाराच्या दातेरी चाकांनी) फिरतो. काम सुंदर, पण शिम लावत दिवस जातो, आणि त्याचे बिल दिवसाचेच येते. १९७९ च्या पँटाह पासून बेल्ट आले. बेल्ट दोन वर्षांनी बदलायचा, गाडी चालली असो वा नसो. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. डेस्मो इंजिनात व्हॉल्व्ह स्प्रिंगने नव्हे, वेगळ्या आर्मने बंद होतो, म्हणून उघडण्याचा आणि बंद होण्याचा असे दोन्ही गॅप लावावे लागतात. नेहमीच्या टॅपेटचा दर लावून तुलना करू नका.

ट्रायम्फ आणि तिच्या जातीच्या ब्रिटिश गाड्यांच्या क्रँकमध्ये एक पोकळी असते. फिरण्याच्या जोराने ऑईलमधला गाळ तिथे अडकतो. पोकळी भरली की बिग-एंडला (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगला) ऑईल जाणे बंद होते, आणि ती साफ करायला इंजिन पूर्ण उघडावे लागते. आधी कधी उघडली गेली हे माहीत नसेल तर नवीन घेतलेल्या गाडीचे इंजिन आम्ही ताणून चालवू देत नाही. बरेच दिवस उभ्या असलेल्या नॉर्टनच्या टाकीतले ऑईल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरते. ते काढून न घेता किक मारली तर सील फुटून बाहेर येते.

या ब्रिटिश गाड्यांना विजेचे भाग पुरवणाऱ्या ल्यूकासच्या वायरिंगवरून जगभर विनोद चालतात. आमच्या मते निम्मा दोष नंतरच्या मालकांच्या टेप लावलेल्या जोडांचा आहे. यातल्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीचे धन टोक चेसिसला जोडलेले असते. हे न पाहता नवा रेग्युलेटर किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन जोडले की ते तिथेच संपते. पाने घेतानाही पाहून घ्या: जुन्या ब्रिटिश बोल्टना व्हिटवर्थचे (जुन्या ब्रिटिश इंची मापाचे) पाने लागतात, मिलिमीटरचा पाना बोल्टचे कान गोल करतो.

बदल करताना

आमची एकच अट आहे: बदल परत फिरवता आला पाहिजे आणि काढलेला मूळ भाग तुम्ही जपून ठेवला पाहिजे. चेसिसचा मागचा लूप कापून चपटी सीट बसवण्याचे काम आम्ही घेत नाही. कापलेली चौकट पुन्हा मूळ होत नाही, शिवाय मागे बसणारा माणूस आणि सामान दोघांचीही जागा जाते.

बॉक्सरच्या बिंग सीव्ही कार्ब्युरेटरवर मूळ एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरची पेटी) काढून सुटे गोल फिल्टर लावू नका. यात स्लाइड इंजिनाच्या व्हॅक्यूमने वर उचलली जाते. हवेचा मार्ग बदलला की तिचे उचलणे बिघडते आणि मधल्या वेगात इंजिन कमी पेट्रोलवर धापा टाकते. एक्झॉस्टच्या पाइपला गुंडाळायची पट्टीही टाळा, ती ओल धरते आणि पाइप आतून-बाहेरून कुजवते.

करण्यासारखे बदल दिसायला साधे असतात. स्टीलच्या जाळीचे ब्रेक होज. स्टिअरिंगला टेपर रोलर बेअरिंग. फोर्कमध्ये तुमच्या वजनाला साजेशा स्प्रिंग. पॉइंटच्या (ठिणगीच्या यांत्रिक स्विचच्या) जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, पण जुना पॉइंटचा संच प्रवासात पिशवीत ठेवूनच. हेडलाइटला रिले, म्हणजे जुन्या स्विचमधून पूर्ण करंट जात नाही.

विजेचा हिशेब आधी करा. बहुतेक बॉक्सरचा अल्टरनेटर २८० वॅटचा, तोही इंजिन चांगल्या फेऱ्यांवर असताना. हेडलाइट, इग्निशन आणि टेल लाइट मिळून त्यातले शंभरच्या वर वॅट घेतात. त्यावर गरम जॅकेट, गरम हँडल ग्रिप आणि फोन चार्जर टाकून सिग्नलवर उभे राहिलात तर वीज बॅटरीतून जाते. जुन्या ब्रिटिश अल्टरनेटरला तर १२० वॅटच्या आसपास मिळतात. तिथे हेडलाइट एलईडी करण्याला खरा अर्थ आहे.

लांब निघताना

या गाड्यांनी जग पाहिले आहे. ब्रिटिश पत्रकार टेड सायमन १९७३ ते १९७७ मध्ये ५०० सीसीच्या ट्रायम्फ टायगरवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. पॅरिस-डाकार या वाळवंटातल्या शर्यतीत ह्युबेर ओरिओल १९८१ आणि १९८३ मध्ये बॉक्सर बीएमडब्ल्यूवर जिंकले. सायमन यांना वाटेत गाडी उघडावी लागली होती, हेही लक्षात असू द्या.

टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाआधीचा आहे. खाच कितीही खोल दिसो, तो बदलायचा. ब्रेक ऑईल पाणी शोषते, दोन वर्षांनी बदला. डॉट ४ आणि सिलिकॉनचे डॉट ५ कधीही मिसळू नका.

सामान खाली आणि पुढे. मागच्या चाकाच्या आसाच्या मागे उंच बॉक्स लादला की पुढचे चाक हलके होते आणि फेअरिंगवाली गाडी वेगात डोलू लागते. नवी क्लच आणि थ्रॉटल केबल जुन्या केबलशेजारीच ओवून बांधून ठेवा, म्हणजे पावसात टाकी उतरवावी लागत नाही. सोबत ट्यूब, पंप, फ्यूज, बल्ब, प्लग, थोडी वायर आणि गाडीच्याच मापाचे पाने. बॉक्सर असेल तर डायोड बोर्ड. प्रवासाआधी नवे बसवलेले काहीही किमान एक टाकी पेट्रोल जाळून तपासा. निघण्याच्या आदल्या दिवशी कार्ब्युरेटर ओव्हरहॉल करून द्या, असे सांगितले तर आम्ही नाही म्हणू.

ऑईलबद्दल: जुन्या टॅपेट आणि कॅमला झिंकचा अंश असलेले २०डब्ल्यू-५० लागते, आजच्या कारचे पातळ ऑईल नको. बॉक्सर आणि मोठ्या गुझीचा क्लच कोरडा असल्याने त्यावर ऑईलचा परिणाम होत नाही. ओल्या (ऑईलमध्ये चालणाऱ्या) क्लचच्या गाडीत मात्र फ्रिक्शन मॉडिफायर असलेले ऑईल घातले की क्लच सुटू लागतो.

परत आल्यावर गाडी तपासणीला आणा, आणि येताना धुऊन आणू नका. गळती कुठून सुरू होते हे धुळीने माखलेल्या इंजिनावर आम्हाला लगेच दिसते, धुतलेल्या इंजिनावर ते शोधायला पुन्हा चालवावे लागते. वाटेत किती ऑईल टाकले, कुठल्या वेगाला काय आवाज आला आणि लाल दिवा कधी लागला, हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत द्या.