फिफा फुटसल विश्वचषक

राष्ट्रीय संघांमधील फुटसलची जागतिक स्पर्धा. बंदिस्त क्रीडागृहात, लाकडी किंवा कृत्रिम कठीण पृष्ठभागावर, पाच विरुद्ध पाच असा खेळला जाणारा फुटबॉल म्हणजे फुटसल. फिफाने ही स्पर्धा १९८९ मध्ये सुरू केली. १९९२ पासून ती दर चार वर्षांनी होत आली आहे, फक्त २०२० ची स्पर्धा कोविडमुळे वर्षभर पुढे गेली. आजवर पुरुषांच्या दहा स्पर्धा झाल्या. त्यांपैकी सहा ब्राझीलने, दोन स्पेनने आणि प्रत्येकी एक अर्जेंटिना व पोर्तुगालने जिंकली. मैदानी फुटबॉलमध्ये दबदबा असलेल्या जर्मनी आणि इंग्लंड या देशांचा इथे मागमूसही नाही. फ्रान्स पहिल्यांदा पात्र ठरला तो २०२४ मध्ये.

या स्पर्धेतले निकाल समजून घ्यायचे तर खेळाचे नियम आधी पाहावे लागतात. आंतरराष्ट्रीय सामन्याचे मैदान सुमारे ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद, म्हणजे हँडबॉलच्या मैदानाएवढे असते. गोल ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच. चेंडू चार क्रमांकाचा, नेहमीच्या फुटबॉलपेक्षा लहान आणि मुद्दाम कमी उसळणारा. दोन मीटरवरून सोडला तर पहिली उसळी ६५ सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये. त्यामुळे चेंडू हवेत उडवण्यापेक्षा तळव्याखाली घेऊन फिरवण्यावर सगळा भर असतो. वीस-वीस मिनिटांची दोन सत्रे होतात, पण चेंडू मैदानाबाहेर गेला की घड्याळ थांबते. पडून राहून वेळ काढण्याची सोय इथे नाही. बदली खेळाडू हवे तितक्या वेळा, खेळ न थांबवता आत-बाहेर करता येतात. रेषेबाहेर गेलेला चेंडू पायाने आत घ्यायचा आणि तोही चार सेकंदांच्या आत.

सामन्याला खरी कलाटणी देणारे नियम दोन. पहिला फाउलच्या मोजणीचा. एका सत्रात संघाचे पाच फाउल झाले की सहाव्यापासून प्रत्येक फाउलला प्रतिस्पर्ध्याला दहा मीटरवरून थेट फटका मिळतो आणि समोर भिंत उभी करता येत नाही. पाच फाउल लवकर भरले की त्या संघाचे बचावपटू उरलेले सत्र पाय जपून टाकतात आणि समोरचे त्यांच्या अंगावर चाल करून जातात. दुसरा नियम गोलरक्षकाचा. पिछाडीवर पडलेला संघ अखेरच्या मिनिटांत गोलरक्षकाला बाहेर काढून पाचवा मैदानी खेळाडू उतरवतो. तो गोलरक्षकाच्याच रंगाचा, पण पाठीवर स्वतःचा क्रमांक असलेला सदरा घालतो. आता पाच जण चौघांभोवती चेंडू फिरवू लागतात आणि मागे गोल मोकळा पडतो. एक पास चुकला की प्रतिस्पर्धी स्वतःच्या अर्ध्या मैदानातून चेंडू सरळ रिकाम्या जाळ्यात धाडतो. फुटसलचे गुणफलक शेवटच्या दोन मिनिटांत असे का उलटेपालटे होतात, ते यातून कळते.

खेळाचा उगम दक्षिण अमेरिकेतला. १९३० मध्ये उरुग्वेतील माँटेव्हिडिओ येथे वायएमसीएचे शिक्षक हुआन कार्लोस सेरियानी यांनी मुलांना आत खेळता यावे म्हणून बास्केटबॉल, हँडबॉल आणि वॉटर पोलो यांचे नियम एकत्र करून हा प्रकार बसवला. पहिला मैदानी विश्वचषक उरुग्वेने त्याच वर्षी, त्याच शहरात जिंकला होता. पुढे ब्राझीलमध्ये, विशेषतः साओ पाउलोत, खेळ रुजला. १९७१ मध्ये फिफुसा ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि तिने १९८२ मध्ये ब्राझील, १९८५ मध्ये स्पेन व १९८८ मध्ये ऑस्ट्रेलिया येथे जागतिक स्पर्धा भरवल्या. पहिल्या दोन ब्राझीलने आणि तिसरी पॅराग्वेने जिंकली. म्हणजे फिफाने विश्वचषक सुरू केला तेव्हा एक विश्वचषक आधीच चालू होता. फिफुसाचे पहिले अध्यक्ष ब्राझीलचे जुआँव हावेलांज. ते १९७४ मध्ये फिफाचे अध्यक्ष झाले आणि फिफाने हा खेळ आपल्या छत्राखाली घेतला तो त्यांच्याच कारकिर्दीत. जुन्या मंडळींनी हार मानली नाही. त्यांची वारस असलेली एएमएफ ही संघटना आजही वेगळा विश्वचषक भरवते. त्यात चेंडू हाताने आत टाकतात आणि कोलंबिया, पॅराग्वे हे देश बलाढ्य मानले जातात. ‘फुटसलचा विश्वविजेता कोण’ या प्रश्नाला त्यामुळे दोन उत्तरे निघतात, मात्र जगाचे लक्ष फिफाच्या स्पर्धेकडेच असते.

फिफाची पहिली स्पर्धा नेदरलँड्समध्ये १६ संघांची झाली. रॉटरडॅमच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने यजमानांना २-१ असे हरवले. नेदरलँड्स त्यानंतर पुन्हा अंतिम फेरीत दिसला नाही. २००० नंतर तर त्याला मुख्य स्पर्धा गाठायलाच २०२४ उजाडले. १९९२ मध्ये हाँगकाँगला ब्राझीलने अमेरिकेला ४-१ असे नमवले. इराण तेव्हा चौथा आला होता. १९९६ मध्ये बार्सिलोनात स्पेनला स्पेनमध्येच ६-४ असे हरवून ब्राझीलने हॅट्‌ट्रिक पूर्ण केली. त्या संघाचा तारा मानोएल टोबियास १९९६ आणि २००० या दोन्ही स्पर्धांत सर्वोत्तम खेळाडू ठरला.

ब्राझीलच्या एकाधिकाराला पहिला धक्का स्पेनने दिला. २००० मध्ये ग्वातेमालात अंतिम सामना ४-३ असा स्पेनकडे गेला. ब्राझीलकडे पायाची जादू होती, तर स्पेनकडे पक्की व्यावसायिक लीग आणि चौघांनी सतत जागा बदलत राहण्याची घोटून घेतलेली पद्धत. २००४ मध्ये तैवानात स्पेनने इटलीला २-१ असे हरवून चषक राखला. पुढच्या दोन्ही अंतिम सामन्यांत ब्राझील आणि स्पेन समोरासमोर आले. २००८ मध्ये रिओच्या माराकानाझिन्यो क्रीडागृहात २-२ अशा बरोबरीनंतर ब्राझील पेनल्टी शूटआउटमध्ये ४-३ असा जिंकला.

याच २००८ च्या स्पर्धेत या खेळातली दरीही उघडी पडली. रशियाने सॉलोमन बेटांच्या संघाला ३१-२ असे चिरडले. रशियाचा पुला त्या स्पर्धेत १६ गोल करून अव्वल ठरला, आणि तो मूळचा ब्राझीलचा! इटलीचा संघही जवळजवळ सगळा ब्राझीलमध्ये जन्मलेल्या खेळाडूंचा होता. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेले ब्राझिलियन हा या स्पर्धेचा कायमचा विषय आहे. यजमानांना त्याची चीड येणे साहजिकच, पण खेळ जगभर पसरला त्यात या मंडळींचा वाटा मोठा, हे नाकारता येत नाही. कझाकस्तानचा गोलरक्षक हिगिता याचे ठळक उदाहरण. रिओत जन्मलेला हा गोलरक्षक चेंडू घेऊन मध्यरेषा ओलांडतो आणि पाचवा आक्रमक होतो. २०२१ मध्ये कझाकस्तान उपांत्य फेरीपर्यंत गेला तो बराचसा त्याच्या जोरावर.

आजवरचा सर्वांत नाट्यमय अंतिम सामना २०१२ मध्ये बँकॉकला झाला. स्पर्धेसाठी खास बांधायला घेतलेले क्रीडागृह वेळेत तयार झाले नाही, म्हणून फिफाने तिथे सामने घेण्यास नकार दिला आणि अंतिम सामना जुन्या हुआमार्क क्रीडागृहात हलवला. ब्राझीलचा फाल्काओ पहिल्याच सामन्यात पोटरीला दुखापत होऊन बसला होता, त्यात ताणामुळे त्याच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. तरीही अर्जेंटिनाविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात संघ ०-२ असा मागे असताना तो उतरला, दोन गोल केले आणि ब्राझील जादा वेळेत ३-२ असा सुटला. अंतिम सामन्यात स्पेन २-१ असा पुढे असताना बरोबरीचा गोलही फाल्काओचाच. जादा वेळेतील अवघे १९ सेकंद उरले असताना नेतोने विजयी गोल केला. पाच स्पर्धांत मिळून ४८ गोल हा फाल्काओचा विक्रम अजून अबाधित आहे.

त्याचा निरोप मात्र २०१६ मध्ये कोलंबियात झाला, तोही बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात. इराणविरुद्ध त्याने तीन गोल केले, सामना ४-४ असा सुटला आणि शूटआउटमध्ये ब्राझील बाहेर पडला. जिंकलेल्या इराणी खेळाडूंनी फाल्काओला उचलून हवेत झेलले. ही या स्पर्धेची सर्वांत लाडकी आठवण असावी. इराण पुढे तिसरा आला. काली शहरातील अंतिम सामन्यात अर्जेंटिनाने रशियावर ५-४ अशी मात केली आणि ब्राझील व स्पेनखेरीज पहिला विजेता मिळाला.

२०२१ मध्ये लिथुआनियातील काउनास येथे पानी व्हारेलाच्या दोन गोलांवर पोर्तुगालने अर्जेंटिनाला २-१ असे हरवले. गंभीर दुखापतीतून परतलेला कर्णधार रिकार्दिन्यो सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२४ मध्ये उझबेकिस्तानातील ताश्कंद, बुखारा आणि अंदिजान या शहरांत सामने झाले. ६ ऑक्टोबरला ताश्कंदमध्ये ब्राझीलने अर्जेंटिनाला २-१ असे नमवून बारा वर्षांनी चषक परत मिळवला. गोल फेराओ आणि राफा सांतोस यांचे. युक्रेन तिसरा, तर पदार्पणातच फ्रान्स चौथा आला. अफगाणिस्तान, ताजिकिस्तान आणि न्यूझीलंड हेही त्या वर्षीचे नवे चेहरे.

संघांची संख्या २००८ मध्ये १६ वरून २० आणि २०१२ मध्ये २४ झाली. सहा गटांतील पहिले दोन संघ आणि तिसऱ्या क्रमांकाचे चार सर्वोत्तम संघ असे १६ जण बाद फेरीत जातात. २०२४ साठी युरोपला सात, यजमान धरून आशियाला पाच, दक्षिण अमेरिकेला आणि उत्तर-मध्य अमेरिका व कॅरिबियनला प्रत्येकी चार, आफ्रिकेला तीन आणि ओशियानियाला एक जागा होती.

भारत या स्पर्धेत अद्याप पोहोचलेला नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने क्लबांसाठी राष्ट्रीय फुटसल स्पर्धा २०२१ मध्ये सुरू केली, आणि राष्ट्रीय संघ आशियाई पात्रता फेरीत उतरला तो २०२३ मध्ये, दुशान्बे येथे. त्याआधी २०१६ मध्ये प्रीमियर फुटसल नावाच्या खासगी लीगमुळे या खेळाचा बोलबाला झाला होता. महासंघाची मान्यता नसलेल्या या लीगमध्ये रोनाल्डिन्यो गोव्याकडून खेळला आणि बंगळुरूविरुद्ध एका सामन्यात त्याने पाच गोल ठोकले. फाल्काओही तेव्हा चेन्नईकडून उतरला होता. मुंबई-पुण्यात ताशी भाड्याने मिळणाऱ्या टर्फवर रोज रात्री जे रंगते त्याला बरेच जण फुटसल म्हणतात, पण कृत्रिम गवत, उसळणारा चेंडू आणि बाजूच्या जाळीवर आपटून परत येणारे पास हा वेगळा खेळ झाला.

महिलांसाठी फिफाने विश्वचषक सुरू करायला २०२५ साल उजाडले. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फिलिपीन्समध्ये १६ संघांची पहिली स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात ब्राझीलने पोर्तुगालला ३-० असे हरवले.