पाय चालत असतील, तर ते स्वप्न आहे

मुंबईत रात्री झोपणारा प्रत्येक माणूस पहाटेपर्यंत चार-पाच वेळा लुळा पडतो. पहिली विरार गाडी धावत पकडणारा असो की सकाळी शिवाजी पार्कला व्यायाम करणारा, यातून कोणीच सुटत नाही. हात, पाय, मान, पाठ यांचे स्नायू पार सैल पडतात. काम करत राहतात ते श्वासपटल आणि डोळे हलवणारे स्नायू. ही आरईएम, म्हणजे रॅपिड आय मूव्हमेंट झोप. शिकागो विद्यापीठात युजीन ॲसरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ साली तिची नोंद केली, कारण झोपलेल्या माणसांची बुबुळं मिटल्या पापण्यांखाली झरझर हलताना त्यांना दिसली होती. आपली सर्वांत ठसठशीत स्वप्नं याच झोपेत पडतात.

हा लुळेपणा मेंदूच मुद्दाम घडवून आणतो. मेंदूच्या बुडाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातून निघालेले संदेश मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम सोडणाऱ्या चेतापेशींना ग्लायसिन आणि गाबा या रसायनांनी गप्प करतात. फ्रान्सच्या मिशेल जुवे यांनी मांजरांच्या मस्तिष्कस्तंभातला एक छोटा भाग निकामी केला, तेव्हा ती मांजरं झोपेतच उठून न दिसणाऱ्या सावजावर झडप घालू लागली. म्हणजे स्वप्नात मेंदू पळण्याचे हुकूम खरोखरच देत असतो, फक्त ते पायांपर्यंत पोचू दिले जात नाहीत.

आता ज्याचा मज्जारज्जू अपघातात तुटला आहे त्याचा विचार करा. जागेपणी त्याचे हुकूम पायांपर्यंत जात नाहीत. स्वप्नाच्या वेळी मात्र शेजारच्या धडधाकट माणसाचेही जात नाहीत. त्या अवधीत दोघांचंही खरं शरीर बाजूला पडलेलं असतं, आणि स्वप्नात वावरतं ते मेंदूने रचलेलं शरीर. मग ते शरीर कसं असतं?

फ्रेंच संशोधकांनी २०११ साली १५ पॅराप्लेजिक, म्हणजे दोन्ही पाय लुळे असलेल्या, व्यक्तींकडून स्वप्नांच्या नोंदी घेतल्या. दहा जणांना मज्जारज्जूची इजा झालेली होती, पाच जण जन्मापासून चालू न शकणारे होते. या १५ पैकी १४ जणांच्या स्वप्नांत पाय हलत होते. ते चालत होते, धावत होते, खेळत होते. इजा होऊन किती वर्षं झाली यानेही फारसा फरक पडत नव्हता. त्याच वर्षी जर्मनीतल्या उर्सुला फोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही जन्मजात पॅराप्लेजिया असलेल्या आणि जन्मजात मूकबधिर व्यक्तींची स्वप्नं तपासली. नुसती वर्णनं वाचून त्यातलं अपंग व्यक्तीचं स्वप्न कोणतं, हे सांगता येत नव्हतं.

‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ असं म्हणून आपण हे उडवून लावू शकतो. बिचाऱ्याला चालायची इच्छा आहे, म्हणून स्वप्नात चालतो. मला हे स्पष्टीकरण पटत नाही. फ्रेंच अभ्यासात पॅराप्लेजिक व्यक्ती स्वप्नात जेवढ्या वेळा चालत होत्या, साधारण तेवढ्याच वेळा धडधाकट माणसंही चालत होती. इच्छा उफाळून येत असती तर त्यांच्या चालण्याचं प्रमाण कितीतरी जास्त दिसलं असतं. जन्मतः न चाललेल्या माणसाच्या मेंदूतही चालण्याचा आराखडा असतो, तो काही अंशी उपजत असावा आणि काही अंशी आयुष्यभर इतरांना चालताना पाहून घडत असावा, असा संशोधकांचा तर्क आहे. जन्मांध व्यक्तींच्या स्वप्नांत सहसा दृश्यं नसतात, तिथे आवाज, स्पर्श आणि वास असतात. पाहण्याचा अनुभव मेंदूला बाहेरूनच मिळवावा लागतो. चालण्यासाठी मात्र स्वतः चालल्याचा अनुभव लागत नाही असं दिसतं, आणि मला यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

आपण चालतोय याचं स्वप्न पाहणाऱ्या माणसाला आश्चर्य का वाटत नाही? आरईएम झोपेत मेंदूचा पुढचा भाग, जिथे आपण स्वतःच्या विचारांची तपासणी करतो, तो मंदावलेला असतो. म्हणून स्वप्नात वारलेली आजी पोळ्या लाटत बसलेली दिसली तरी आपण गुपचूप जेवायला बसतो. कधीकधी मात्र ही तपासणी झोपेतच जागी होते आणि माणसाला कळतं की हे स्वप्न चाललंय. स्वप्न मोडत नाही, पण आता तो त्यात जाणतेपणी वावरतो. हेच सजग स्वप्न, म्हणजे ल्युसिड ड्रीम. आजवरच्या सर्वेक्षणांचा एकत्रित अभ्यास २०१६ साली झाला, त्यानुसार सुमारे ५५ टक्के लोकांना आयुष्यात निदान एकदा तरी असं स्वप्न पडलेलं असतं.

हे सिद्ध कसं करायचं, हा पेच बरीच वर्षं होता. झोपलेला माणूस बोलू शकत नाही, हात वर करू शकत नाही. पण डोळे तर हलतात! इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी १९७५ साली याचाच उपयोग केला. ‘स्वप्नात आहोत हे कळलं की डोळे ठरल्याप्रमाणे डावीकडे-उजवीकडे फिरव’ असं त्यांनी एका सरावलेल्या माणसाला सांगून ठेवलं होतं, आणि यंत्राच्या कागदावर ती खूण उमटली. पुढे स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी हे स्वतंत्रपणे दाखवून दिलं. २०२१ साली तर अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या चार प्रयोगशाळांनी झोपलेल्यांना प्रश्न विचारले. आठातून सहा गेले किती? गाढ आरईएम झोपेतल्या माणसाने डोळे दोनदा फिरवून उत्तर दिलं. सगळ्यांना हे जमलं नाही, बहुतेक वेळा उत्तरच आलं नाही. पण जी बरोबर उत्तरं आली ती योगायोगाने येण्यासारखी नव्हती. एएलएस या आजारात सगळे स्नायू एकेक करून सोडून जातात, तेव्हाही बहुधा शेवटपर्यंत साथ देतात ते डोळे हलवणारे स्नायू, आणि ती माणसं नजरेनेच पडद्यावर अक्षरं निवडून बोलतात. निरोप पोचवायला दोन्हीकडे वाट उरते ती डोळ्यांचीच.

सजग स्वप्नं शिकता येतात. शिकवणाऱ्या बहुतेक पुस्तकी युक्त्या हातपाय चालणाऱ्यांसाठी रचलेल्या आहेत. हे स्वप्न आहे का ते तपासायला तळव्यात बोट घालून बघा, उडी मारून बघा वगैरे. ज्याच्या हातांत ताकद नाही त्याने या नादी लागू नये. मजकूर वाचण्याची युक्ती त्याहून सोपी आहे. प्लॅटफॉर्मवरचा इंडिकेटर वाचायचा, नजर वळवायची, पुन्हा वाचायचा. जागेपणी ‘ठाणे स्लो’ तेच राहतं, स्वप्नात अक्षरं बहुतेक वेळा बदलतात. दिवसा अशी सवय लागली की ती रात्री स्वप्नातही आपोआप होते.

पण व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाकडे याहून खात्रीची खूण आहे, आणि ती धडधाकट माणसाकडे नाही. मी उभा आहे, मी चालतोय, म्हणून हे स्वप्न आहे. दिवसातून प्रत्येक वेळी पलंगावरून खुर्चीत बसताना स्वतःला विचारायचं, ‘आत्ता मी कसा हललो?’ रात्री झोपताना मागचं एखादं चालण्याचं स्वप्न आठवायचं आणि मनाशी घोकायचं, ‘पुढच्या वेळी पाय चालले की मला कळेल.’ लाबर्ज यांच्या पद्धतीचं सार हेच आहे: पुढे करायच्या गोष्टीची स्वतःला आधीच आठवण देऊन ठेवणं. स्वप्नांची वही लिहिता येत नसेल तर फोनवर बोलून ठेवावं, पण जाग आल्या आल्या. पाच मिनिटांनी अर्धं निसटलेलं असतं.

भांडुपला राहणारा माझा एक मित्र गाडीतून पडला, तेव्हापासून छातीखाली त्याला काही जाणवत नाही. त्याने मला सांगितलं की स्वप्नात तो स्टेशनचा पूल चढत होता, अनवाणी, आणि तळव्यांना ओली लादी गार लागली. त्या गारव्यानेच त्याला उमगलं. मी विचारलं, मग काय केलंस? उडालास की नाही? तो म्हणाला, “तीच पायरी परत उतरलो नि परत चढलो. बाकी काही सुचलंच नाही.” उत्साहाच्या भरात स्वप्न फुटलं. अनुभवी मंडळी अशा वेळी स्वप्नातले हात एकमेकांवर चोळतात, त्याने स्वप्न थोडं टिकतं. जागेपणी ज्याचे हात उठत नाहीत त्यालाही तिथे ते चोळता येतात.

अशा प्रयत्नांना पहाटेची वेळ सर्वांत चांगली, कारण आरईएम झोपेचे टप्पे पहाटेकडे लांबत जातात. साडेचार-पाच तास झोपून थोडा वेळ जागं राहायचं आणि पुन्हा झोपायचं, ही पद्धत अभ्यासांत उपयोगी ठरली आहे. मुंबईतल्या कित्येक घरांत ही जाग आयतीच येते. पालिकेचं पाणी पहाटे येतं, पिंप भरायला घर उठतं. मज्जारज्जूला इजा झालेल्यांना पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री दर दोनेक तासांनी कूस बदलावी लागते, तेव्हाही झोप मोडते. ती मोडणारच असेल तर पहाटेच्या वेळी पुन्हा डोळा लागेपर्यंतची मिनिटं या घोकण्याला द्यावीत. मुद्दाम गजर लावून मोडलेल्या झोपेत भर घालू नये. मानेतल्या मज्जारज्जूला पूर्ण इजा असेल तर मेलाटोनिन हे झोपेशी संबंधित संप्रेरक रात्री जवळपास बनतच नाही, कारण मेंदूतल्या घड्याळाचा निरोप ते बनवणाऱ्या पीनियल ग्रंथीला मानेतल्या मज्जारज्जूतून फेरा घालून मिळतो. अशांना झोपेत श्वास अडण्याचा त्रासही जास्त असतो. त्यांच्यासाठी आधी झोप नीट करणं महत्त्वाचं, स्वप्नांचं नंतर बघता येईल.

औषधांचंही पाहावं लागतं. चेतातंतूंच्या दुखण्यासाठी देतात ती ॲमिट्रिप्टिलिन आरईएम झोप कमी करते. स्पॅस्टिसिटीसाठीची, म्हणजे स्नायूंच्या ताठरपणासाठीची, बॅक्लोफेन अचानक थांबवली तर झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात. स्वप्नांसाठी कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने घेऊ वा सोडू नये. खरं-खोटं वेगळं करणंच ज्यांना आजारामुळे जड जातं, त्यांनी या वाटेला मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय जाऊ नये.

स्वप्नात चालून मज्जारज्जू जुळत नाही. सजग स्वप्नात पेल्यात नाणं फेकण्याचा सराव केलेल्यांचा नेम सकाळी सुधारला, असं जर्मनीतल्या एका प्रयोगात २०१० साली दिसलं होतं, पण त्यांचे हात शाबूत होते. आणि स्टेशनवर लिफ्ट बंद असेल तर स्वप्नात पूल चढता आल्याने ती चालू होत नाही. अपंग माणसाला स्वप्नातलं चालणं भरपाई म्हणून देऊ करणं मला अन्यायाचं वाटतं. काही जण स्वप्नातही खुर्चीतच असतात आणि मजेत असतात, तेही त्यांचंच शरीर आहे. काहींना चालण्याच्या स्वप्नातून जागं होणं फार जड जातं.

ठोस उपयोग मला दिसतो तो दुःस्वप्नांवर. अपघातानंतर तोच क्षण रात्री पुन्हा पुन्हा भोगणारी माणसं बरीच आहेत. नेदरलँड्समध्ये २००६ साली २३ जणांवर एक छोटा प्रयोग झाला. त्यांतल्या १६ जणांकडून सजग स्वप्नाची आणि दुःस्वप्नाचा शेवट बदलण्याची तयारी करून घेतली, आणि दुःस्वप्नं कमी झाली. ज्यांना सजगता आली नाही त्यांचीही. शेवट बदलता येतो हे मनाला पटणंच बहुधा पुरेसं ठरलं. पुनर्वसनाच्या तपासणीत लघवी, शौच, पाठीच्या जखमा, स्नायूंचा ताठरपणा हे सगळं विचारतात. हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेपासून उपनगरांतल्या लहान फिजिओथेरपी केंद्रांपर्यंत, जिथे जिथे ही तपासणी होते, तिथे त्या कागदावर आणखी एक ओळ असायला हवी: रात्री काय दिसतं, आणि त्यात तुम्ही काय करता?