पार्श्वभूमी : तेल शिरलं की डायजेस्टर का रुसतो?

सांडपाणी प्रकल्पावर मैल्याचा गाळ हवेशिवाय सूक्ष्मजीवांकडून कुजवून गॅस करणारी बंद टाकी म्हणजे डायजेस्टर. तिथली जुनी माणसं त्याची तब्येत ज्योतीवरून सांगतात. जादा गॅस जाळायच्या नळीवर एरवी भरदार ज्योत असते. एखाद्या रात्री कुणीतरी डिझेल किंवा कटिंग ऑइल (यंत्रावर धातू कापताना वापरायचं तेल) गटारात सोडून देतं, आणि काही दिवसांत ती ज्योत फडफडायला लागते. गाळाला आंबूस वास सुटतो, पीएच सातावरून सहाकडे घसरतो. टाकी मात्र वरून पूर्वीइतकीच काळी आणि शांत. मग आत मेलं कोण?

या प्रश्नाचं धड उत्तर बराच काळ नव्हतं, कारण आत राहतं कोण हेच माहीत नव्हतं. १७७६ मध्ये व्होल्टानं इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल ढवळला, वर आलेले बुडबुडे (तोच हा मिथेन वायू) बाटलीत धरले आणि पेटवून पाहिले. १८९५ मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटर इथं डोनाल्ड कॅमेरॉननं सेप्टिक टँक बांधला आणि त्यातल्या गॅसवर दिवेही लावले. त्याच दशकाच्या अखेरीस आपल्या माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्याच्या टाकीतला गॅस इंजिन चालवायला वापरला गेला. (जगातला पहिला बायोगॅस प्रकल्प म्हणून याच जागेच्या नावावर १८५९ हे साल सगळीकडे छापलं जातं. पण अॅकवर्थ साहेबांचं हे रुग्णालयच १८९० मध्ये सुरू झालं, तेव्हा ते साल मला काही पटत नाही.) त्या मैल्यात तेल असलंच तर बहुतेक चुलीजवळचं. खनिज तेल गटारात शिरलं ते मोटारी, गॅरेज आणि कारखान्यांच्या पावलांनी.

सूक्ष्मजीवशास्त्रात दरम्यान एक मजेदार गफलत चालू होती. अल्कोहोलपासून मिथेन करणारा एक जीव वेगळा काढल्याचं मानलं जात होतं. रशियन शास्त्रज्ञ ओमेलियान्स्की यांचं नाव त्याला दिलेलं होतं. १९६७ मध्ये ब्रायंट, वोलिन आणि वुल्फ यांनी दाखवून दिलं की हा एक जीव नाहीच, दोघांचा संसार आहे. पहिला अल्कोहोल खाऊन अॅसिटेट (व्हिनेगरमधल्या आम्लाचं रूप) आणि हायड्रोजन सोडतो. दुसरा तो हायड्रोजन संपवून मिथेन करतो. दुसऱ्यानं हायड्रोजन उचलला नाही तर पहिल्याचंही काम अडतं. पुढं १९७७ मध्ये वूस आणि फॉक्स यांनी सांगितलं की मिथेन करणारे हे जीव जीवाणूच नव्हेत, त्यांचं कूळ वेगळं. त्यांना आज आपण आर्किया म्हणतो.

इथून तेलाचं कोडं सुटायला लागलं. टाकीत एक साखळी असते. आधीच्या कड्या मैल्याचं आम्ल करतात. त्या काटक असतात आणि काही तासांत दुप्पट होतात. शेवटच्या कडीतला, अॅसिटेटवर जगणारा मिथेनोथ्रिक्स दुप्पट व्हायला कित्येक दिवस घेतो, आणि टाकीतलं बरंचसं मिथेन अॅसिटेटमधूनच येतं. तेलाचा फटका आधी या शेवटच्या कडीला बसतो. मागून आम्ल येतच राहतं, ते खाणारं कुणी उरत नाही, म्हणून तो आंबूस वास.

नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनला लेटिंगा यांच्या गटानं १९९१ च्या सुमारास बेंझिनच्या घराण्यातली रसायनं एकेक करून तपासली. अशी चाचणी दिसायला अगदी साधी असते : काचेच्या बाटलीत दाणेदार गाळ, थोडं अॅसिटेट, मोजून विषारी द्रव्य, वर रबरी बूच, आणि रोज किती गॅस झाला याची नोंद. त्यातून दिसलं ते असं, की जे द्रव्य पाण्याचा जास्त तिटकारा करतं ते जास्त घातक. कारण ते पाण्यात न राहता पेशीच्या स्निग्ध पडद्यात जाऊन मुरतं, आणि तो पडदा गळका होतो.

खाद्यतेलाची गोष्ट थोडी निराळी. त्यातली लांब साखळीची मेदाम्लं या जीवांना कायमची मारतात असं बराच काळ मानलं जाई. पोर्तुगालमधल्या मिन्हो विद्यापीठातल्या कामानं या शतकाच्या सुरुवातीला हे मत बदललं. चरबीनं लडबडलेल्या गाळाला नवं खाणं देणं थांबवलं, तर तो अंगावरची चरबीच पचवून मिथेन देऊ लागतो.

आणि खनिज तेल? प्राणवायूशिवाय ते कुजतच नाही, हा समज विसाव्या शतकात बराच काळ घट्ट होता. १९९९ मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेनच्या एका खंदकातल्या चिखलानं त्याला मोठा धक्का दिला. विडेल यांच्या गटाला त्यात हेक्साडेकेनपासून (डिझेलमधला एक घटक) मिथेन होताना दिसलं. हिशेबही नेटका : हेक्साडेकेनचे ४ रेणू आणि पाण्याचे ३० मिळून मिथेनचे ४९ आणि कार्बन डायऑक्साइडचे १५. जमिनीखालच्या तेलसाठ्यांतही हेच चालतं, असं २००८ मध्ये मांडलं गेलं. २०२२ मध्ये तर चीनच्या शेंगली तेलक्षेत्रातला मिथेनोलिपॅरम नावाचा आर्किया समोर आला. तो जोडीदाराशिवाय, एकट्यानं लांब साखळीच्या तेलाचं मिथेन करतो.

म्हणजे तेल या कुळाला मुळातच वर्ज्य नाही. अडचण मात्रेची आणि सवडीची आहे. तेलसाठ्याला युगं मिळतात, आपल्या डायजेस्टरला जेमतेम तीन-चार आठवडे. म्हणून आपल्याकडच्या सर्वसाधारण मानकांत सार्वजनिक गटारात सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीस लिटरला २० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. तेल तरंगवून काढणारा नेहमीचा एपीआय सेपरेटर १५० मायक्रॉनपेक्षा मोठे थेंब धरतो. साबणानं फेटलेलं, दुधाळ झालेलं तेल त्यातून सहज निसटतं, आणि कटिंग ऑइल नेमकं तसंच असतं. ते आत गेल्यावर करायचं ते जुनंच : आवक बंद, थोडा चुना किंवा सोडा, आणि शेजारच्या धडधाकट डायजेस्टरमधला टँकरभर जिवंत गाळ.