जट

डोक्यावरचे केस एकमेकांत गुंतून, त्यात तेल, मळ आणि कोंडा बसून त्यांचा दोरखंडासारखा टणक पीळ तयार होतो, त्याला जट म्हणतात. महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात मुलीच्या किंवा बाईच्या डोक्यात असा गुंता दिसला, की ते देवीचं बोलावणं मानलं जातं. ही देवी बहुतेक वेळा बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीची यल्लम्मा असते. ‘जट आली’ असंच लोक बोलतात, म्हणजे ती बाईनं केलेली नसते, वरून आलेली असते. एकदा आली की तिला कंगवा लावायचा नाही, कात्री तर नाहीच. मंगळवारी-शुक्रवारी हळद-कुंकू वाहून तिची पूजा करायची. कापली तर नवरा दगावेल, मुलाला काही होईल, घरावर कोप होईल, ही धास्ती घरातली थोरली बाई, शेजारीपाजारी आणि देवऋषी मिळून मनात पक्की करतात.

जट होण्याची कारणं साधी आहेत. माणसाच्या डोक्यातून रोज साधारण 50 ते 100 केस गळतात. विंचरले तर ते कंगव्यात येतात, नाही विंचरले तर तिथेच अडकून बाकीच्या केसांना ओढून घेतात. लांबलचक ताप, बाळंतपण, पाण्याची टंचाई, डोक्यात उवा किंवा खरूज, किंवा दिवसभर रानात राबून स्वतःच्या केसांकडे बघायलाही फुरसत नसणं, यातलं एखादं कारण पुरतं. पहिला गुंता बोटभर असतो आणि तेल लावून, जाड दातांच्या कंगव्यानं धीर धरून बसलं तर तो सुटतो. पण नेमक्या याच वेळी ‘हात लावू नकोस’ म्हणून बजावलं जातं आणि पुढे गुंता वाढतच जातो. जट पोसते ती ही मनाईच. वाहिलेल्या हळदीचा लगदा आणि न्हाण्याचं पाणी आत मुरतं, दुर्गंधी येते, उवा होतात, टाळू चिघळते. वजनानं मान आखडते, कुशीवर झोपता येत नाही. हे सगळं सोसणारी बाई दुखतंय असं म्हणायलाही कचरते, कारण देवीच्या देण्याबद्दल तक्रार कशी करायची?

जट पोरीच्या डोक्यात आली तर प्रकरण केसांवर थांबत नसे. तिला देवीला ‘सोडत’, म्हणजे गळ्यात ‘दर्शन’ ही मोत्यांची माळ बांधून जोगतीण, म्हणजे देवदासी, करत. लग्न देवीशी झालं असं मानल्यामुळे संसाराचा हक्क जाई. पुढे कुणा धनदांडग्याची ‘ठेवलेली’ म्हणून किंवा शहरातल्या वेश्यावस्तीत तिचं आयुष्य जाई. अशा मुली मुख्यतः दलित घरांतल्या असत, हे विसरून या प्रथेबद्दल बोलणं अप्रामाणिक ठरेल. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात 1934 मध्ये, कर्नाटकात 1982 मध्ये आणि महाराष्ट्रात 2005 मध्ये कायदे झाले. मुली सोडणं त्यामुळे गुन्हा ठरलं, पण डोक्यातल्या गुंत्याला कायद्याची कलमं लागू पडत नाहीत. लग्न झालेल्या, नातवंडं असलेल्या बायकाही वर्षानुवर्षं जट वागवताना दिसतात.

हा समज आपल्याच मातीतला म्हणून पवित्र मानणाऱ्यांनी पोलंडकडे पाहावं. तिथेही खेड्यापाड्यांत जट असे. ती शरीरातला रोग बाहेर ओढते आणि कापली तर आंधळेपण किंवा वेड येतं, असं लोक मानत. क्राकूव्हचे वैद्यकाचे प्राध्यापक आणि पुढे त्या शहराचे महापौर झालेले यूझेफ दिएत्ल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ही जट म्हणजे अस्वच्छतेचा परिणाम आहे, ती बेलाशक कापा, असं सांगत मोहीमच उघडली. त्वचारोगाच्या पुस्तकांत या विकाराला आजही ‘प्लिका पोलोनिका’ हे नाव आढळतं. देवी वेगळी, देश वेगळा, भीती मात्र तीच.

महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभ्या केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं जट सोडवण्याचं काम नेटानं केलं आहे. पुण्याच्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी शेकडो बायकांच्या जटा कापल्या आहेत. प्रत्यक्ष कापण्याला फारसा वेळ लागत नाही, वेळ जातो तो बोलण्यात. बाई तयार असते, सासू नसते. सासू होकार देते, तर मुलगा म्हणतो, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? म्हणून सगळ्या घराला बसवून, केस कसे गुंततात ते दाखवून, बाईची संमती घेऊनच कात्री हातात घ्यावी लागते. जुन्या जटेत कात्रीचं टोक शिरत नाही. मुळाशी बोटभर केस सोडून, टाळूला इजा न होऊ देता थोडं-थोडं कापत जावं लागतं. मग डोकं धुऊन उवांचं आणि जखमांचं औषध देतात. काहीजणी कापलेली जट देवीच्या पायाशी नेऊन ठेवायची म्हणतात. त्याला हरकत घेण्याचं कारण नाही, देवीवरची भक्ती सोडा असं कुणी त्यांना सांगितलेलं नाही.

‘साधूंच्या जटा चालतात, मग बायकांच्याच का कापता?’ असा आक्षेप नेहमी येतो. साधू जटा राखतो ती स्वतःच्या निवडीनं, आणि त्यासाठी लोक त्याच्या पाया पडतात. बाईला निवड दिलेलीच नसते. पूजा होते ती तिच्या केसांची; ती मात्र वासामुळे लग्नकार्यात मागच्या रांगेत बसते, किंवा जातच नाही.